पोटात पाणी धरणारी होडी

‘विश्वास बसायचा नाही तुमचा,’ मी म्हटलं. ‘पन्नास वर्षं ह्याच ओटीवर बसून सांगतोय, अजून एकाचाही बसलेला नाही. एकदा एक फौजदार ऐकून गेला. म्हणाला, मेस्त, यातलं निम्मं जरी खरं असलं तरी मला तुम्हाला बेड्या घालाव्या लागतील. मी म्हटलं, मग निम्मं कुठलं ते तुम्हीच निवडा. चहा पिऊन गेला बिचारा.’

वृंदाताई अंगणात वाकून उभ्या होत्या. डॉक्टर सरनोबतांची ही मुलगी. आता त्यांचेही केस पांढरे झालेले. कोल्हापूरहून जीपमागे ट्रेलर जोडून त्यांनी बापाची होडी माझ्या दारात आणली होती, फळ्या कुठं कुजल्यात ते बघा म्हणून. त्यांचा अंगठा होडीच्या बुडातल्या पितळी बुचावर होता. होडीला मुद्दाम भोक ठेवणारा सुतार वेडा की ठेवून घेणारा मालक, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

ओटीवर माझी धाकटी बहीण शालन अडकित्त्यानं सुपाऱ्या सोलत होती. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते.

‘झालो ह्यो सुरू,’ ती म्हणाली. ‘ताईनु, बसून घेवा. ह्येची गोष्ट उभ्यान ऐकूची नाय.’

वृंदाताई पायरीवर बसल्या. मग मी सांगायला लागलो.

डॉक्टरांना माझ्याकडे आणलं पुंडलिकभावोजींनी. शालनचे यजमान. जातीनं, धंद्यानं आमच्यासारखेच मेस्त, होड्या बांधणारे, पण हातातला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, त्यांनी कधीच खाली ठेवला होता आणि खिशाला दोन पेनं लावली होती. गोड बोलणं असं की समुद्राला म्हणाले असते, जरा मागं सरका, तर भरतीची वेळ चुकली असती.

डॉक्टरांची हौस निराळी. उन्हाळ्यात त्यांना आमच्या खाडीत शीड उभारायचं होतं आणि थंडीत घाटावर, धरणाच्या तलावात. होडी एक, पाणी दोन. ती जीपमागून घाट चढली पाहिजे, आणि दोघांनी ढकलली तर पाण्यात उतरली पाहिजे.

आता आमच्याकडची शिडाची होडी उभी राहते ती उलांडीच्या जोरावर. होडीच्या कुशीतून दोन बांबू आडवे बाहेर काढायचे आणि त्यांच्या टोकाला एक ओंडका पाण्यावर तरंगत ठेवायचा, ती उलांडी. ती नसली तर वारा होडीला कुशीवर निजवतो. पण उलांडी घेऊन घाट चढलो असतो तर समोरच्या यष्टीतली खिडकीकडची सगळी माणसं उलांडीवर बसून खाली आली असती.

म्हणून मी उलांडीच काढून टाकली. गाव हसला. म्हाताऱ्या मेस्तांनी माझ्या आईला विचारलं, तुमच्या लाडूच्या डोक्यावर काही पडलं काय.

मी ऐकलं नाही. अठरा फुटांची होडी आखली.

‘सोळा,’ शालन म्हणाली.

‘सोळा. पण चालायची अठरासारखी.’

डोलकाठीच्या बुडाला लोखंडी बिजागरी बसवली. एक खीळ काढली की काठी गाईनं गुडघे टेकावेत तशी मागं निजायची आणि घाटातल्या फांद्यांना, तारांना लागायची नाही. सुकाणूचं पान वर उचलता यायचं. होडीच्या मधोमध एक अरुंद उभी पेटी केली आणि तिच्यात फळीचं पातं सोडलं. खोल पाण्यात पातं खाली सोडायचं, म्हणजे वारा होडीला आडवं रेटत नाही. काठाशी आलं की दोरीनं वर ओढायचं, कासव मान आत घेतं तसं. बूड चपटं, म्हणून ट्रेलरवर ती अशी बसायची की जणू ट्रेलरच तिच्या मापानं जन्माला आलाय. तुमचे वडील बघून खूश झाले, ताई.

राहिलं वजन. वजन नसलं तर होडी उभी राहत नाही, असलं तर जीप घाट चढत नाही. ह्या गाठीपाशी मी अडीच महिने अडलो. जेवण गोड लागेना. शालन तेव्हा माहेरपणाला आली होती. एक दिवस ती विहिरीवर पाणी काढत होती आणि मी नुसता बघत बसलो होतो. रिकामी कळशी पाण्यावर पडली की आडवी लोळते. तोंडातून थोडं पाणी आत गेलं की डुलत डुलत सरळ होते. मी उठून तिच्या हातातला दोर घेतला आणि ती कळशी वीस वेळा आत सोडली.

‘तेवीस,’ शालन म्हणाली. ‘आणि शेवटाक बुडवलंस ती बुडवलंसच. आवशीन माका शिव्या दिल्यान.’

तर तेच केलं मी. बसायच्या फळ्यांखाली, बुडाच्या वर, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एक बंद पोट केलं. मागं बुडात हे बूच. पुढं, वरच्या अंगाला, हवा जायला करंगळीएवढं भोक. होडी पाण्यात उतरवायची, बूच काढायचं, पोटात वीस हंडे पाणी भरून घ्यायचं आणि बूच लावून टाकायचं. वजन तळाशी बसलं की होडी वाऱ्याला कललीच तरी परत सरळ. बाहेर ओढताना बूच काढायचं. पाणी वाहून जातं, जीपला काही कळतही नाही. वजन जिथलं तिथंच सोडून यायचं.

आता नारळाचं सांगतो, कारण भांडण नारळाचं आहे. आमच्यात नवी होडी पाण्यात जाते तेव्हा मालक दोन नारळ आणतो. एक फोडतो. दुसरा, न फोडलेला, मेस्ताच्या हातात देतो. ज्यानं होडीची पठाण घातली, म्हणजे कणा ठेवला, त्याच्याच हातात. मेस्त तो नारळ घरी नेऊन देवाशेजारी ठेवतो, पुढची होडी होईपर्यंत. नारळ नसलेल्या देव्हाऱ्यासमोर कोणी होडी सांगायला येत नाही. माझा बाप जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आमच्या देवाशेजारची ती जागा तीन वर्षं रिकामी होती. बापाची होडी ती बापाची. मी अजून कुणीच नव्हतो.

मे महिन्यात होडी खाडीत उतरवली. अर्धा गाव काठावर होता, हसायला आलेला. डॉक्टरांनी बूच काढलं, पोट भरलं, शीड वर गेलं, आणि उलांडी नसलेली होडी भर वाऱ्यात अशी गेली की हसायला आलेल्यांचे दात वाळले. आमचा एक म्हातारा मेस्त काठावर बसून रडला, असं लोक म्हणतात.

‘त्येच्या डोळ्यात वाळू गेल्ली,’ शालन म्हणाली.

डॉक्टर परत आले, काठावर उतरले, दुसरा नारळ उचलला, आणि वर शाल ठेवून दिला पुंडलिकभावोजींच्या हातात.

का, तर भावोजींनी महिनाभर आधीच त्यांना सांगून ठेवलं होतं: होडी माझ्या डोक्यातली, हा माझा मेव्हणा नुसता लाकूड तासतो. नारळ हातात घेऊन भावोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘लाडूचो हात बरो आसा हां, डॉक्टर. सांगलेला बरोबर करता.’

मी हसलो. दुसरं काय करणार. बहिणीचा नवरा. त्याच्या तोंडावर काही फेकलं की ते बहिणीच्या ताटात पडतं. शालन चार पावलांवर उभी होती, खाली बघत. मी पुढं झालो, भावोजींच्या पाया पडलो आणि घरी येऊन बापाचा वाकस पाजळत बसलो. इतका पाजळला की त्यानं मी सावली तासू शकलो असतो.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. चार लोकांत, डॉक्टरांच्या देखत, भावोजींच्या तोंडून ऐकायचं होतं, ही होडी लाडूची. आणि हवं होतं ते रागावून नाही. भावोजींचा मान ठेवून, पाट मांडून, वाढून.

देवानं पाट मांडला भाऊबीजेला. डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका कारखान्याच्या चेअरमनना तशीच होडी हवी होती. भावोजींनी हो म्हणून टाकलं होतं आणि आपल्या मांगरात, घरामागच्या छपरात, दुसरा मेस्त लावला होता. पण माप कुठं होतं त्यांच्याकडे. डॉक्टरांची होडी रंगासाठी माझ्याकडे होती, ट्रेलरवर, कोरडी. भाऊबीजेला शालन आली आणि तिच्यामागून भावोजी आले. आमच्यात भाऊबीजेला जावई येतोच असं नाही. हे आले. ओवाळणी झाली, पानं झाली, आणि दुपारी सगळे लवंडल्यावर बघतो तर भावोजी मागच्या पडवीत, हातात काथ्याची दोरी, होडीला शिंपी अंगाला लावतो तशी लावताहेत आणि दोरीला गाठी मारताहेत.

इथं शालन दरवेळी काहीतरी बोलते. ह्या खेपेला बोलली नाही. अडकित्ता मात्र चालू होता.

मी हळूच मागं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ‘भावोजी, एकट्यान कसा जमतला? दुसरा टोक मी धरतंय.’

ते दचकले. मी टोक धरलं. होडीची लांबी, रुंदी, काठीची जागा, पेटीची जागा, सगळी मापं मी त्यांना माझ्या हातानं दिली. एक सूतसुद्धा कमीजास्त केलं नाही. चोराला शिडी लावायची तर पक्की लावावी. पायरी एकच काढायची, पण वरची.

सगळं झाल्यावर त्यांनी बुचावर बोट ठेवलं. ‘ह्यां कित्याक रे?’

म्हणजे बघा, ताई, उद्घाटनाला पाणी भरलं तेव्हा हे काठावर खिशातली पेनं सावरत होते. होडी त्यांनी बघितली ती ट्रेलरवर, कोरडी, आणि रिकामी. जी होडी पाण्यात पाणी पिते आणि जमिनीवर ओकून टाकते, तिचं माप जमिनीवर कसं घेणार? त्यांना वाटलं, पोट हवेसाठी आहे, बुडू नये म्हणून.

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, ‘धुवणाचा पाणी जावक, भावोजी. नवीन होडयेक नको. डांबर घालून बुजवून टाका, नायतर झिरपतला.’

‘बरा सांगलंस,’ ते म्हणाले, आणि जाताना माझ्या आईच्या पाया पडले.

मार्गशीर्षात तलावावर होडी उतरवायची ठरली. चेअरमन, त्यांचे पाहुणे, डॉक्टर आपली होडी घेऊन. मी आदल्या दिवशी यष्टीनं वर गेलो आणि डॉक्टरांना म्हटलं, शीड सांभाळायला मी येतो तुमच्या होडीत. काठावर मांडव होता, सनई होती, चेअरमनसाठी मखमलीची खुर्ची होती. भावोजी नव्या होडीत नाळेवर बसले. पांढरा कोट, कपाळाला नाम, मांडीवर मानाचा नारळ. आधीच घेऊन ठेवलेला, मागाहून घोळ नको. मागं सुकाणूवर त्यांचा मेस्त.

होडी दिसत होती मात्र सुंदर. पाण्यावर इतकी हलकी आणि उंच की लोक म्हणाले, बदक. मी डॉक्टरांच्या होडीतलं बूच काढलं, पोट भरून घेतलं आणि बूच लावलं. डॉक्टरांनी पलीकडे बघितलं. ‘मेस्त, त्यांनी पाणी नाही भरलं?’

‘भावोजींची रीत वेगळी आसतली,’ मी म्हटलं.

शीड वर गेलं. डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याचा एक लोट आला; एकच, फार मोठा नव्हे, एखाद्यानं दिवा फुंकावा एवढा. आमची होडी कलली, थांबली, सरळ झाली. त्यांची कलली आणि थांबलीच नाही. होडीनं कूस बदलली, पाठ पाण्यात, पोट वर. पोटात हवा भरलेली. ती बुडणार नाही आणि सरळही होणार नाही. मेलेल्या कासवासारखी तरंगत राहिली, आणि त्या पोटावर पांढरा कोट घालून पुंडलिकभावोजी, चारी हातापायांनी चिकटलेले. सनईवाला घाबरून वाजवतच राहिला.

मी शीड आवळलं आणि त्यांच्याभोवती एक फेरा घेतला. सावकाश. ‘भावोजी, होडी कोणाची?’

‘माझी,’ ते ओरडले. ‘दोरी टाक.’

दुसरा फेरा घेतला. डॉक्टर म्हणाले, मेस्त, पुरे. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरातलं आहे. ‘भावोजी, होडी कोणाची?’

‘आपल्या दोघांची.’

तिसरा फेरा घेतला. आता काठावर सगळे उठून उभे होते आणि चेअरमनची खुर्ची पाण्यात पडली होती, कशी ते विचारू नका. एवढ्यात भावोजींच्या हातून सुटलेला नारळ लाटेवर डुलत डुलत आला आणि, तुमची शपथ, आपणहून माझ्या हाताशी येऊन थांबला. मी तो उचलला. कपाळाला लावला. ‘भावोजी, शेवटचा इचारतंय. होडी कोणाची?’

आणि तेव्हा, ताई, पुंडलिकभावोजी रडायला लागले. ढसाढसा, लहान पोरासारखे. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. हात जोडायला गेले तर घसरायला लागले, म्हणून एकच हात जोडला. ‘तुझी, लाडू,’ म्हणाले, ‘तुझी. माका वाचव. मी चोर, मी...’

‘रडले?’ शालननं विचारलं.

अडकित्ता थांबला होता. केव्हा थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘रडले तर. काठावरच्या माणसांनी ऐकलं.’

‘ते त्या होडयेत नव्हते, दादा.’

‘तू सुपाऱ्या सोल.’

‘सोलून झाल्यो.’ तिनं रोवळी बाजूला सारली, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे न बघता वृंदाताईंकडे वळून बसली. ‘ताईनु, नवीन होडयेत पयली फेरी सवाष्णीन मारूची, अशी आमच्यात रीत. नाळेर मी बसलेलंय. ताट घेवन, नवा लुगडा नेसून. हे काठार होते, तुमच्या वडलांबरोबर. आणि ह्यो माजो भाव तेव्हा हंयच होतो, ह्याच ओटयेर. तो तलाव ह्येणा अजून बघूक नाय.’

वृंदाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी होडीकडे बघत होतो.

‘मग होडी उलटली तेव्हा तुम्ही...’ त्यांनी शालनला विचारलं.

‘खाली,’ शालन म्हणाली. ‘सुकाणूवरचो मेस्त पोवत गेलो. मी उलट्या होडयेखाली. काळोख. लुगडा काठयेक गुंडाळलेला आणि नाकापुरती हवा. वर माणसा वल्ह्यान ठोकी होती. माका वाटला, कोणतरी दार ठोकता आणि माका उठाक जमणा नाय. तुमच्या वडलांनी उडी मारून लुगडा कापल्यानी, तेव्हा भायर इलंय. काठार हे उभे होते. रडाक नाय. एक शब्द बोलाक नाय. नारळ तेंनी तलावात टाकल्यानी आणि त्या दिवसापासून होडयेक हात लावल्यानी नाय.’

‘शालन,’ मी म्हटलं.

‘आणि भाऊबीजेक ते येवकच नव्हते. माका पाठवलेल्यानी, माप घेवन ये म्हणान. दोरी मी लावलेलंय. दुसरा टोक ह्येणा धरल्यान, ता खरा. ता भोक कित्याक, ताय मीच इचारलंय. ओवाळून झाला होता, ह्येच्या कपाळार माजो टिळो ओलो होतो. ह्येणा माझ्या डोळ्यांत बघून सांगल्यान, धुवणाचा पाणी जावक.’

तिनं रोवळी परत पुढं ओढली. एक सुपारी उचलून बघितली, ती सोललेलीच होती.

‘पन्नास वर्सा मी ऐकतंय. म्हटला, सांगांदे, त्येचो जीव थंड होता. पण मेलेल्या माणसाक आज रडवलंस, ता नको होता.’

मी पायरीवरची सुपारीची सालं गोळा करायला लागलो.

‘हां,’ ती म्हणाली. ‘आता सांग फुडे.’